पॉलिश केलेल्या जुन्या लाद्या पुन्हा पांढऱ्या का पडतात

दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, गिरगाव, पार्ले. इमारत १९३०-४० ची असो की साठच्या दशकातली, सर्वसाधारण सभेत दर काही वर्षांनी एक ठराव हमखास येतो: जिना, पॅसेज आणि तळमजल्याच्या लाद्या पॉलिश करून घेणे. मशीन येतं, दोन-चार दिवस इमारतभर राखाडी चिखल होतो, लोक चपला हातात घेऊन ये-जा करतात आणि मग गणपतीला लादीत ट्यूबलाइट दिसू लागते. सगळे खूश. पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच त्याच जागी, जवळजवळ त्याच आकाराचे पांढुरके चट्टे परत येतात. कमिटी म्हणते पॉलिशवाल्याने पैसे खाल्ले. पॉलिशवाला म्हणतो लादीच संपली. आणि वरच्या मजल्यावरचे एखादे काका म्हणतात, "उखडून टाका एकदाचं, व्हिट्रिफाइड बसवू."

माझ्या मते तिघेही घाई करतात. पॉलिशने झीज आणि ओरखडे जातात. पांढऱ्या चट्ट्यांमागे मात्र बहुतेक वेळा ओल, ॲसिड किंवा जुन्या मेणाचा थर असतो. यातलं काहीच मशीनचा घासायचा दगड फिरवून जात नाही, थोडे दिवस दिसेनासं होतं इतकंच. शिवाय प्रत्येक पॉलिशबरोबर लादीचा वरचा थर थोडा कमी होतो, आणि तो पुन्हा मिळत नाही. म्हणून पॉलिशवाल्याला फोन करण्याआधी एक-दोन आठवडे नुसतं बघण्यात घालवा.

आधी लादी कोणती ते पाहा

जुन्या इमारतीत एकाच जिन्यात तीन-चार प्रकार सापडतात, आणि दरपत्रकात मात्र "फ्लोअर पॉलिश, दर चौरस फूट" एवढंच लिहिलेलं असतं.

नक्षीची सिमेंट लादी बहुधा ८ इंच बाय ८ इंचाची असते. ती भट्टीत भाजलेली नसते. साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर ओतायचा, मागे सिमेंट-वाळू भरायची, हायड्रॉलिक प्रेसखाली दाबायची आणि मग पाण्यात मुरवायची, अशी ती बनते. रंग फक्त वरचे काही मिलिमीटर. तो घासला गेला की नक्षी गेली, खाली राखाडी सिमेंट. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सने अशा लाद्या करायला सुरुवात केली आणि ती कंपनी त्या आजही करते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोझॅक लादीत सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिप्स असतात. तिचाही चिप्सचा थर वरचे पाच-सहा मिलिमीटरच, पण तो जाडीभर सारखा असल्यामुळे ती पॉलिश जास्त सोसते. पायऱ्यांवर आणि मधल्या लँडिंगवर पुष्कळदा शहाबादी किंवा कोटा असतो. तो अख्खा दगड, त्यामुळे झिजला तरी रंग तोच. मागच्या पॅसेजमध्ये किंवा मीटरच्या खोलीत लाल नाहीतर काळा कोबा असतो. आणि एकोणिसाव्या शतकातली इमारत असेल तर क्वचित भाजलेल्या मातीच्या विलायती लाद्या निघतात. त्यांना मशीन लावायचंच नाही, त्या फक्त धुवायच्या.

ओळखायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तुटलेली कड. जिन्याखाली किंवा मीटर बॉक्सच्या मागे एखादा टवका उडालेला असतोच, तिथे थर दिसतात. शंका राहिली तर एखाद्या निखळलेल्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. सिमेंट, संगमरवर, शहाबाद, कोटा या सगळ्यांत चुनखडी असते, थेंबाखाली बारीक बुडबुडे येतात आणि तेवढी जागा निस्तेज होते. भाजलेल्या लादीवर काही होत नाही. हा प्रयोग जमिनीत बसलेल्या लादीवर करू नका. लिंबाने जे होतं तेच संडासाच्या ॲसिडने दसपट होतं, आणि त्यातच निम्म्या तक्रारींचं उत्तर आहे.

पांढरं आहे ते नेमकं काय

क्षार. ओल्या लादीतून पाणी वर येतं, हवेत उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार वर ठेवून जातं. भिंतीला लोणा लागतो तसाच. हे पांढरं भुकटीसारखं असतं, बोटाला लागतं, सांध्यांच्या कडेने जास्त दिसतं. कोरड्या ब्रशने निघतं आणि काही दिवसांनी परत येतं. ओल्या फडक्याने पुसलं तर गायब होतं, म्हणून झाडूवाल्या मावशींना वाटतं साफ झालं. खरं तर ते पाण्यात विरघळून पुन्हा लादीत जातं.

ॲसिडने जळलेली लादी. हे पांढरं बोटाला लागत नाही. हात फिरवला तर पृष्ठभाग बारीक खरखरीत लागतो, चिप्सची चमक गेलेली असते, त्यांच्यामधलं सिमेंट किंचित खाली बसलेलं असतं. ओली केली की लादी छान दिसते, वाळली की परत मेलेली. आकारही बोलका असतो: बाटलीतून ओतल्यासारखे ओघळ, बादलीभोवतीचं वर्तुळ, किंवा कोपऱ्यात पानाचा डाग काढायला गेलेल्या जागी हातभर पांढरा पट्टा.

जुनं मेण किंवा लॅकर. हे पिवळट-राखाडी, ढगाळ. भिंतीलगत आणि दाराच्या कोपऱ्यात जाड, चालण्याच्या वाटेवर गेलेलं. नखाने किंवा नाण्याच्या कडेने खरवडलं तर सालपट निघतं. गेल्या दोन-तीन पॉलिशांत "चमक टिकावी" म्हणून फासलेलं काहीतरी साठून राहिलेलं असतं.

जड पाण्याचा थर. पालिकेचं पाणी वापरणाऱ्या इमारतीत हा त्रास कमी. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने वर्षानुवर्षं पुसलं तर कडक, एकसारखा पांढुरकेपणा येतो, सगळ्यात जास्त तळमजल्याच्या नळापाशी.

साधी झीज. रस्त्यावरची वाळू ही गारगोटी, संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण. चपलेखालून ती रोज पॉलिश-कागदासारखी फिरते. फाटकापासून लिफ्टपर्यंतचा पट्टा निस्तेज आणि दोन्ही बाजूंची लादी बरी असेल तर ही झीज आहे, आणि तिथे पॉलिश खरोखर उपयोगाचं.

एकाच पॅसेजमध्ये हे पाचही असू शकतात. म्हणून मजल्यांचा कच्चा नकाशा कागदावर काढून त्यावर खडूने नव्हे, पेनाने लिहा कुठे काय आहे ते. खडू लादीवर नको.

ओल आहे की नाही, ते कसं कळणार

जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा घ्या, चारही कडा चांगल्या टेपने लादीला चिकटवा आणि संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवा. वर "पाय देऊ नका" अशी चिठ्ठी लागेलच. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा लादी काळपट झालेली दिसली तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ गार लादीवर जमते आहे, जुलैच्या मुंबईत ते होणारच आणि त्याला इलाज पंखा आणि उघडी खिडकी. तपासणी जिथे चट्टे येतात तिथे एकदा आणि जिथे येत नाहीत तिथे एकदा करा. तुलना नसेल तर या प्रयोगातून काहीच कळत नाही.

तळमजल्यावर ओल निघाली तर लादीकडे बघणं थांबवा आणि कंपाउंडमध्ये जा. जुन्या मुंबईतल्या कित्येक इमारतींचं जोतं बांधताना चांगलं दीड-दोन फूट उंच होतं. मग रस्ता दर डांबरीकरणात वर आला. कंपाउंडमध्ये फरशीवर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक असं करत अंगणही वर आलं. आता जोतं वीतभर उरलं आहे, काही ठिकाणी तेवढंही नाही. पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं, जोत्याच्या भरावात मुरतं आणि लादीतून वर येतं. यावर मशीन कितीही फिरवा. उपाय बाहेर आहे: भिंतीलगतचे पेव्हर काढून उतार इमारतीपासून दूर करणं, गटार मोकळं ठेवणं, जोत्याला लागून असलेल्या कुंड्या आणि मातीचे वाफे हलवणं, जमिनीखालच्या टाकीचा ओव्हरफ्लो कुठे पडतो ते पाहणं.

वरच्या मजल्यांवर ओल निघाली तर बहुतेक वेळा शेजारच्या फ्लॅटचं न्हाणीघर किंवा पॅसेजमधून जाणारा जुना बिडाचा पाइप कारणीभूत असतो. न्हाणी ट्रॅपभोवतीचा (पाणी जायच्या तोंडाभोवतीचा) सांधा निकामी झाला की पाणी खालच्या घराच्या छतात न उतरता आडवंही चालतं आणि पॅसेजच्या लादीखाली निघतं. चट्टा कोणाच्या दाराजवळ सर्वांत गडद आहे ते पाहा. तिथून पुढचं बोलणं नाजूक असतं, ते सेक्रेटरीने एकट्याने न करता प्लंबरला सोबत नेऊन करावं. जिन्याच्या खिडकीवर छज्जा नसेल किंवा तुटला असेल तर लँडिंगवरचे चट्टे तिथूनच येतात.

क्षार काढायचे कसे

ओल बंद झाल्यावरच. आधी काढले तर परत येतील. कोरड्या, कडक केसांच्या ब्रशने झाडा आणि लगेच व्हॅक्यूमने उचला. झाडू मारून एका बाजूला सारलेले क्षार पहिल्याच पुसण्यात परत मुरतात. चिवट जागी कागदाचा लगदा किंवा मुलतानी माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून बोटभर थर लावा आणि वाळू द्या. वाळताना लेप क्षार ओढून घेतो. वाळलेला लेप लाकडी पट्टीने उचला, व्हॅक्यूम करा, गरज वाटली तर पुन्हा लावा. कंटाळवाणं काम आहे आणि कुठलाही ठेकेदार स्वतःहून सुचवणार नाही, कारण यात मशीन नाही.

आणि मग वाट पाहा. लादीखालचा भराव वाळायला महिने लागतात. इथेच आपलं वेळापत्रक आपल्याला फसवतं. सोसायट्या पॉलिश करतात गणपतीच्या आधी, म्हणजे श्रावणात, लादी वर्षातली सर्वांत ओली असताना. ओल्या लादीवर मेण किंवा सीलर फासून आत पाणी कोंडायचं आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते बाहेर पडायला लागलं की पोपडे मोजायचे. पॉलिश जानेवारी ते मार्चमध्ये करा. गणपतीला लादी स्वच्छ पुसलेली असली तरी बाप्पा रागावणार नाही.

पोकळ वाजणाऱ्या लाद्या

पॉलिशच्या आधीचं काम हे. छत्रीच्या दांड्याने किंवा लाकडी काठीने प्रत्येक लादी वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर खालचा माल सुटला आहे. अशा लादीवर जड मशीन चढलं की ती कोपऱ्यात तडकते.

जुन्या लाद्या बहुधा चुन्याच्या मऊ मालावर बसवलेल्या असतात, म्हणूनच त्या अख्ख्या काढता येतात. पद्धत अशी: आधीच फुटलेली एक लादी निवडा, तिचे सांधे पातळ करवतीने किंवा पात्याने मोकळे करा, तिचे तुकडे करून जागा करा आणि मग शेजारच्या लाद्यांखाली पातळ छिन्नी आडवी सरकवत त्या उचला. वरून हातोडी नको. मागचा जुना माल खरवडा, लादी पाण्यात भिजवा आणि बसवताना तिच्याखाली नुसता सिमेंटचा घोळ घालू नका. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा मऊ माल पुरतो. कडक सिमेंटवर बसवलेली लादी पुढच्या वेळी निघताना फुटेलच. शिवाय जुन्या चुन्याच्या मालात मधेच एक कडक तुकडा आला की ओल त्याच्या कडेने वाट काढते आणि नवे चट्टे तिथे चौकोनी उमटतात. सांधे भरताना पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून जुन्या सांध्याशी जुळवा. तो रंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून आधी एका पत्र्यावर वाळवून पाहा. बसवल्यावर किमान दोन आठवडे मशीन लावायचं नाही.

बदलीच्या लाद्या कुठून आणायच्या? इमारतीतच असतात. जिन्याखाली, मीटरच्या मागे, बंद केलेल्या पॅसेजमध्ये. तिथल्या चांगल्या लाद्या दर्शनी भागात आणा आणि तिथे साधा कोबा करा. दुसरा साठा म्हणजे नूतनीकरण करणारे सभासद. कोणी घरातल्या जुन्या लाद्या काढणार असेल तर राबिट (तोडफोडीचा माल) गोण्यांत भरण्याआधी सोसायटीला सांगावं, असा ठराव करून ठेवा. याला एक पैसाही लागत नाही. तेही जमलं नाही तर नव्याने करून घेता येतात. वर सांगितलेल्या कंपनीसारखे सिमेंट लाद्या करणारे अजून आहेत, आणि तमिळनाडूत आत्तनगुडीला त्या काचेवर हाताने ओततात. गुजरातमधल्या मोरबीच्या सिरॅमिक लाद्यांवर जुनी नक्षी छापलेली मिळते, पण त्या पातळ असतात, त्यांना पॉलिश लागत नाही आणि पाच वर्षांनी जुन्या लाद्या उजळल्या तरी त्या तशाच चकाकत उठून दिसतात.

मशीन लावायचं तर

मोझॅकला ठरलेला क्रम आहे. कार्बोरंडमचा ६० नंबरचा दगड, मग सांध्यांतली आणि बारीक भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरणं, मग १२०, मग ३२०. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. अर्थात ६० नंबर फक्त जिथे लाद्या खूप खालीवर आहेत किंवा ॲसिडने खोल जळल्या आहेत तिथेच. नुसती झीज असेल तर १२० पासून सुरू करा. पॉलिशवाल्यांना ६० आवडतो कारण त्याने काम भराभर उरकतं आणि जमीन "लेव्हलला" येते. जुनी जमीन लेव्हलला आणण्याचा हट्ट धरू नका. इमारत बसताना ती थोडी झुकलेली असते आणि तिला सपाट करायच्या नादात उंच लाद्यांचा थरच उडतो.

नक्षीच्या सिमेंट लादीला ६० नाहीच, १२० सुद्धा नाही. ४०० च्या आसपासचे मऊ पॅड, भरपूर पाणी, आणि पुष्कळदा नुसता हात. जिथे रंग आधीच विरळ आहे तिथे काहीच नको, ती लादी कोपऱ्यातल्या चांगल्या लादीशी अदलाबदल करा.

शेवटची चमक ऑक्झॅलिक ॲसिडने येते, पॉलिशवाल्याकडची ती पांढरी पावडर. सरकारी बांधकामाच्या प्रमाणकात चौरस मीटरला ३३ ग्रॅम सांगितलं आहे, पाणी शिंपडून नमद्याने (लोकरीच्या जाड गादीने) घासायचं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचं. प्रत्यक्षात मुठीने भुरभुरवतात. ती विषारी आहे, तेव्हा त्या रात्री पॅसेजमधल्या मांजरांच्या वाट्या उचला, लहान मुलांना सांगा, आणि दुसऱ्या दिवशीचं पुसणं चुकवू नका.

दोन गोष्टी मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. पॉलिशचा चिखल म्हणजे पातळ सिमेंटच, तो न्हाणी ट्रॅपमध्ये किंवा पावसाच्या पाइपमध्ये गेला की तिथे दगड होतो. तो गोणपाटाने अडवून, बादल्यांत भरून, वाळवून गोण्यांत न्यायचा. आणि लिफ्टच्या दाराशी प्लास्टिक आणि वाळूच्या पिशव्यांचा बांध घाला. शाफ्टमध्ये चिखल उतरला तर पॉलिशच्या खर्चाहून लिफ्टवाल्याचं बिल मोठं येईल. ओल्या जमिनीवर विजेचं मशीन चालतं, म्हणून ज्या लाइनवर अर्थ-लीकेज ब्रेकर (वीज गळली की लाइन बंद करणारा) आहे तिथूनच वीज द्या, जिन्याच्या दिव्याच्या पॉइंटवरून नको.

सुरुवातीला जिन्याखाली दोन फूट बाय दोन फुटाचा नमुना करून घ्या आणि महिनाभर राहू द्या. नमुन्यावर चट्टे आले तर बाकीच्या जमिनीवर येणारच.

मेण, सीलर आणि बाकीचे चमत्कार

जुनं मेण-टर्पेंटाइन वाईट नाही. ते श्वास घेऊ देतं आणि नंतर काढता येतं. पण जिन्यावर नको, ओल्या पायांनी घसरतं. इपॉक्सी, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ॲक्रिलिकचा पारदर्शक थर तळमजल्यावर कधीच नको. खालून ओल आली की तो ढगाळ होतो, मग सोलतो, आणि काढायला पुन्हा मशीन. थर न होणारा, आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा सीलर चालतो, तोही जमीन पूर्ण कोरडी असताना. क्रिस्टलायझेशन नावाने विकली जाणारी प्रक्रिया संगमरवरासाठी ठीक आहे, मोझॅकवर कधी जमते कधी नाही, आणि ओलीवर ती औषध नाही हे विकणारा सांगत नाही.

आधीचा मेणाचा किंवा लॅकरचा थर काढायला ॲसिड चालत नाही. टर्पेंटाइन किंवा स्ट्रिपर, मऊ पॅड, मग कोमट पाण्यात सौम्य साबण, आणि दोन वेळा साधं पाणी. कित्येक वेळा एवढ्यावरच लादी इतकी उजळते की मशीनची गरज उरत नाही.

डागांबद्दल थोडक्यात: पणतीच्या तेलाचा डाग खडूची पूड आणि टर्पेंटाइनच्या लेपाने ओढून निघतो. पानाच्या डागाला हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप, लोखंडी कुंडीच्या गंजाला सोडियम सायट्रेटचा. सगळे लेप प्लास्टिकने झाकून रात्रभर. रांगोळी ओल्या फडक्याने उचला, झाडूने रगडू नका, कारण तीही दगडाचीच भुकटी.

रोजची पुसणी

इथे सगळं सुधारतं किंवा बिघडतं. सफाईचं सामान सोसायटीने स्वतः आणून द्यावं. मावशींना "डाग दिसता कामा नये" असं बजावून पैसे हातात दिले की त्या दुकानातून संडासाचं ॲसिडच आणणार, त्यात त्यांचा काय दोष? आधी कोरडा मऊ झाडू, मग न्यूट्रल (ना ॲसिड, ना सोडा) क्लीनर, नीट पिळलेला पोछा, दोन बादल्या. फिनाइल, ब्लीचिंग पावडर, धुण्याचा सोडा, लिंबू, व्हिनेगर, काहीही नको. फाटकाशी आणि लिफ्टसमोर जाड काथ्याचं पायपुसणं, आणि ते आठवड्याला झटकायचं. या एका पायपुसण्याने जितकी झीज वाचते तितकी कुठल्याही सीलरने वाचत नाही.

"काढून टाका" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

भावनेचं बोलू नका, ते कोणी ऐकत नाही. पायरीचं बोला. जुन्या लादीवर नवी लादी आणि चिकटवायचा माल मिळून जमीन इंचभर उंचावते. लँडिंग इंचभर वर आलं की त्याला लागून असलेली एक पायरी उंच आणि दुसरी बुटकी होते, आणि जिन्यावर माणूस नेमका अशा वेगळ्या पायरीवर अडखळतो. ज्या इमारतीत निम्मे सभासद सत्तरीचे आहेत तिथे हा मुद्दा लगेच पटतो. शिवाय फ्लॅटचे दरवाजे तासावे लागतात, लिफ्टचा उंबरा अडतो, आणि जुन्या स्लॅबवर वजन वाढतं. जुनी लादी उखडून बसवायची तर उखडताना खालच्या घराच्या छताचा गिलावा पडू शकतो, त्याची भरपाई कोण देणार ते आधी ठरवा. आणि तळमजल्याला ओल असेल तर व्हिट्रिफाइडच्या सांध्यांतूनही लोणा येतोच, फक्त तो सांध्यांच्या रेघांत येतो. इमारत वारसा यादीत असेल तर मुंबईत १९९५ पासून त्यासाठी वेगळी नियमावली आहे, काही काढण्यापूर्वी पालिकेत विचारणं भाग आहे.

पैशाचा प्रश्न निघाला तर सोसायटीच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के सांगितला आहे. बाहेरचा उतार आणि पाइप दुरुस्ती त्यातून करा. तो लादीवरचा खर्च वाटत नाही म्हणून सभेत अडकतो, पण खर्च करायची खरी जागा तीच.

वर्क ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यायचं

ॲसिड वापरायचं नाही, ऑक्झॅलिक सोडून. कुठल्या प्रकारच्या लादीला कुठल्या नंबरपासून सुरुवात, हे मजल्यानुसार. नमुना मंजूर झाल्याशिवाय काम सुरू नाही. पोकळ लाद्यांचं काम नगावर, पॉलिशचं चौरस फुटावर, दोन्ही वेगळे. फुटलेली मूळ लादी टाकून द्यायची नाही, सोसायटीच्या ताब्यात द्यायची. चिखल कुठे जाणार ते. मोजमाप कमिटीच्या माणसासमोर, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) धरून की सोडून तेही स्पष्ट. आणि दहा टक्के रक्कम रोखून ठेवायची. मार्चमध्ये काम झालं तर ती दसऱ्यानंतर द्यायची, एक पावसाळा बघून आणि मजल्यांचा तो पेनाने काढलेला नकाशा पुन्हा भरून.